घाट बैलांना आहे, पोरांना नाही

चढावर घड्याळ लावून शर्यत खेळणं हे आपल्याकडचं नाही, बाहेरच्या श्रीमंतांचं खूळ आहे, असं जो म्हणतो त्याला जत्रेच्या दिवसांत एकदा खेड, आंबेगाव नाहीतर जुन्नर तालुक्यात घेऊन जावं. गावाबाहेर चढाची धावपट्टी आखलेली असते. तिला तिकडे घाटच म्हणतात. गाडे एकेक करून सुटतात. शेजारी कोणी प्रतिस्पर्धी नसतो, समोर फक्त घड्याळ असतं. बैल खालून वर सुटतात, पुढे घोडी धावते, माईकवरचा माणूस 'भिर्रर्र' म्हणतो आणि बोटावर मोजता येतील एवढ्या सेकंदांत सगळं आटपतं. ज्याचे सेकंद कमी, त्याच्यावर गुलाल.

जगात ज्याला हिलक्लाइम्ब म्हणतात तो खेळ म्हणजे नेमकं हेच. अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या पाइक्स पीकवर १९१६ पासून मोटारी अशाच एकेक करून डोंगर चढतात. जवळपास वीस किलोमीटर, १५६ वळणं. तिकडेच वायोमिंगमध्ये जॅक्सन नावाच्या गावात दर मार्चमध्ये स्नो किंग डोंगराच्या उभ्या उतारावर स्नोमोबाइल चढवतात. बर्फावर चालणारी ही यंत्रं निम्म्यात गडगडत खाली येतात, ती पकडायला दोर घेतलेली माणसं उभी असतात आणि खाली गाव जमलेलं असतं. व्हिडिओ बघा, बैल सोडले तर बाकी सगळं ओळखीचं वाटेल. जत्राच ती.

म्हणजे खेळ आपला आहे, डोंगर आपले आहेत, आणि मोटारसायकली तर आपणच बनवतो. ज्या खेड तालुक्यात गाडे पळतात त्याच तालुक्यात चाकण आहे. चाकणच्या कारखान्यात बजाज केटीएमच्या लहान इंजिनांच्या गाड्या बनवते आणि त्या जगभर जातात. हीच केटीएम २००१ पासून २०१९ पर्यंत डकार रॅली ओळीने जिंकत होती. आता महाराष्ट्रात मोटारसायकलवर बसून चढावर, चिखलात, मातीत रीतसर शर्यत खेळणारी पोरं शोधा. पुण्यात काही मिळतील, नाशिक-कोल्हापूरकडे काही. भिवंडीत? माझ्या माहितीत दोन. त्यातला एक मी, आणि माझी वेळ सांगण्यासारखी नाही.

ही पोरं का येत नाहीत, याचं एक ठरलेलं उत्तर मला रेसिंगच्या तंबूंतून वारंवार ऐकायला मिळालं आहे. तीन वर्षांपूर्वी पुण्याजवळ एका डर्ट स्पर्धेला गेलो होतो. तिथे एक ज्येष्ठ गृहस्थ, स्वतः एके काळचे चांगले रायडर, चहा पिता पिता म्हणाले, "आपल्या पोरांना रस्त्यावर मस्ती करायची असते. ट्रॅकवर यायला शिस्त लागते, ती यांच्यात नाही." आजूबाजूच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. मी चहा संपवला. पण हे वाक्य तेव्हापासून डोक्यात बसलं आहे, कारण ते खोटं आहे आणि सोयीचं आहे. पोरांत खोट काढली की बाकी कोणाला काही करावं लागत नाही.

पोरं कशी आहेत ते मी रोज बघतो. आमचं घर धामणकर नाक्यापासून चालत सहा-सात मिनिटांवर. संध्याकाळी सातला नाक्यावर उभे राहा. ग्रे कापडाचे तागे लादलेले टेम्पो, गोदामांकडे वळणारे कंटेनर, रिक्षा, हातगाड्या, आणि या सगळ्यांच्या फटींतून मोटारसायकली. एक पोरगा स्प्लेंडरच्या मागे छातीएवढं बोचकं बांधून, एक पाय जमिनीला घासत, पेव्हर ब्लॉक उखडलेल्या खड्ड्याच्या काठाकाठाने असा काढतो की बोचकं हलत नाही. पावसाळ्यात काल्हेर, पूर्णा, दापोड्याकडच्या गोदामांच्या रस्त्यावर गुडघाभर चिखल असतो. डिलिव्हरीची पोरं तो चिखल दिवसातून आठ वेळा पार करतात, पाठीवर पिशवी आणि फोनवर वेळेचा काटा घेऊन. एन्ड्युरो नावाचा खेळ यापेक्षा फार वेगळा नसतो. फरक एवढाच की त्यात मेडल मिळतं आणि इथे उशीर झाला तर पैसे कापले जातात.

शिस्त नाही म्हणे. यंत्राबद्दलची समज तर या गावाच्या रक्तात आहे. माझे काका यंत्रमागावर जॉबर होते. नुसत्या आवाजावरून कुठल्या मागाचा धोटा अडतोय ते सांगायचे. आमच्या नाक्यामागच्या गॅरेजमधला मिस्त्री, ज्याला सगळे चाचा म्हणतात, तो तसाच. गाडी बंद न करता कान लावतो आणि टॅपेट की टायमिंग चेन ते सांगतो. त्याच्या हाताखाली पंधरा-सोळा वर्षांची तीन पोरं आहेत. इंजिन पूर्ण उघडून पुन्हा बसवायला त्यांना एक दुपार लागते. कुठल्याही फॅक्टरी टीमने अशी पोरं हुंगत यायला हवं.

ती पोरं रात्री कुठे जातात तेही मला माहीत आहे. रात्री एकनंतर एखाद्या रिकाम्या उड्डाणपुलावर. सायलेन्सर काढलेला, लाइट बंद, एका चाकावर. त्याचं समर्थन मी करत नाही, आमच्या गल्लीतला एक त्यातच गेला. पण या मुलाला शर्यत खेळायची आहे हे तो जिवावर उदार होऊन सांगतोय. त्यावर आपलं उत्तर काय? नाकाबंदी, चलान आणि वर्षातून एकदा जप्त केलेल्या सायलेन्सरांवर रोडरोलर फिरवून काढलेला फोटो.

कायदा काय म्हणतो ते जरा बघा, कारण मला वाटतं तो वाचलेला माणूस क्वचितच भेटतो. मोटार वाहन कायद्याचं १८९ वं कलम शर्यतीबद्दल आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केलंत तर एक वर्ष आणि दहा हजार. मुलगा अठराच्या आतला असेल तर १९९-अ खाली पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड. हे आकडे सगळ्यांना पाठ असतात, कारण ते दर पंधरा दिवसांनी व्हॉट्सॲपवर फिरतात. पण १८९ मध्ये आणखी एक तुकडा आहे: राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय, सार्वजनिक ठिकाणी. म्हणजे संसदेने शर्यतीवर सरसकट बंदी घातलेली नाही. किल्ली राज्य सरकारच्या हातात दिली आहे. संमती दिलीत तर रस्ता बंद करून शर्यत घेता येते. नाशिकला रॅली ऑफ महाराष्ट्र अशीच परवानग्या काढून झाली आहे, राष्ट्रीय रॅली स्पर्धेचा भाग म्हणून. गाड्या धावल्या, गावं बघायला उभी राहिली, आभाळ कोसळलं नाही.

म्हणजे किल्ली आहे, फिरवायची इच्छा नाही. इच्छा असली की काय होतं ते बैलगाड्यांनी दाखवून दिलं आहे.

७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टूबरोबर बैलगाडा शर्यतीही थांबवल्या. महाराष्ट्राने काय केलं? २०१७ मध्ये विधिमंडळात प्राण्यांच्या क्रूरताविरोधी कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती केली. ती अडली तर कोर्टात लढले. १६ डिसेंबर २०२१ ला अटींवर परवानगी मिळवली आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने दुरुस्ती वैध ठरवली. या सगळ्या वर्षांत सरकारं बदलली, मुख्यमंत्री बदलले, पण या एका विषयावर सगळे पक्ष एका बाजूला होते. मला त्याचं वाईट वाटत नाही. प्राणिप्रेमींचे आक्षेप मला पटतात की नाही हा वेगळा वाद, इथे नको. माझं म्हणणं एवढंच की एका ग्रामीण खेळासाठी राज्य जवळपास नऊ वर्षं चिकाटीने भांडू शकतं. नियमावली बनवू शकतं, पशुवैद्य उभे करू शकतं, जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्जाची पद्धत घालून देऊ शकतं. मग ज्या शर्यतीत बैलाचा प्रश्नच नाही, जिथे धावणारा स्वतःच्या मर्जीने हेल्मेट घालून उभा आहे, तिथे हीच सरकारी यंत्रणा मुकी का होते?

उत्तर सरळ आहे. बैलगाड्यांमागे गाव आहे, गावामागे मतं आहेत. मोटारसायकलवाल्या पोराच्या मागे कोणी नाही, त्याची आईसुद्धा नाही.

आणि यातली गंमत बघा. मोठ्या बैलगाडा शर्यतींत बक्षीस काय ठेवतात? मोटारसायकल. मोठी शर्यत असेल तर ट्रॅक्टर, थार. फुलांचे हार घातलेली कोरी दुचाकी स्टेजवर उभी असते आणि तिच्यासाठी बैल धावतात. आपल्याकडे मोटारसायकल शर्यतीत पळत नाही, बक्षीस म्हणून उभी राहते.

आता पैशांकडे येतो, कारण 'हा खेळच महाग आहे' हे दुसरं ठरलेलं उत्तर. अर्धं खरं आहे. खरी मोटोक्रॉसची गाडी, जी रस्त्यावर पासच होत नाही, ती घ्यायची तर कावासाकीची केएक्स २५० आठ लाखांच्या आसपास जाते. अमेरिकेतल्या त्या डोंगरावर चढणारी नवी स्नोमोबाइल तरी कुठे स्वस्त आहे, आपल्या पैशांत बारा-पंधरा लाख सहज. पण तिथे जशी दुकानातून आणली तशी गाडी पळवायचा वेगळा वर्ग असतो आणि बदल केलेल्या गाड्यांचा वेगळा, म्हणजे नवख्याची गाठ पहिल्याच दिवशी राक्षसाशी पडत नाही. आपल्याकडचा खर्च कुठे होतो ते मी स्वतःच्या हिशोबावरून सांगतो. मी हप्त्यांवर एक्सपल्स घेतली, ती ऑफिसलाही नेतो, ती धरत नाही. त्या पहिल्या एका स्पर्धेसाठी बूट बावीस हजार, छाती-पाठीचं कवच आणि गुडघ्याचे गार्ड मिळून चौदा, हेल्मेट-गॉगल अकरा, टायरची जोडी नऊ, प्रवेश फी, परवाना, डॉक्टरचं प्रमाणपत्र, पुण्याला गाडी नेणारा टेम्पो, मुक्काम. साठ हजारांच्या पुढे गेलो. धावलो किती? दोन फेऱ्या मिळून अकरा मिनिटं. सॉफ्टवेअरमध्ये आहे म्हणून झेपलं. चाचाच्या गॅरेजमधल्या पोराचा तो चार-पाच महिन्यांचा पगार आहे.

पण नीट बघा, यात गाडीची किंमत नाहीच. पोराकडे गाडी आहे. त्याला अडवतं ते गाडीच्या भोवतीचं सगळं, आणि ते सगळं एकदम पहिल्याच दिवशी लागतं. आमच्या धंद्यात एक साधी गोष्ट शिकवतात: ॲप उघडल्यावर पहिल्या कामापर्यंत पोचायला जितके जास्त स्क्रीन, तितकी माणसं वाटेत गळतात. दहाव्या स्क्रीनपर्यंत आलेला माणूस हुशार असतो असं नाही, त्याच्याकडे वेळ नाहीतर पैसा असतो. आपल्या मोटरस्पोर्टने नेमकं हेच केलं आहे. दहा स्क्रीन लावले, जे उरले त्यांना 'शिस्तप्रिय' म्हटलं आणि गळलेल्यांना 'मस्तीखोर'.

कवच, बूट आणि हेल्मेट नको असं मी म्हणत नाही. त्याच्याशिवाय कोणालाही सोडू नये. पण ते प्रत्येकाने विकतच का घ्यावं? गावच्या क्रिकेट टीमकडे एक किट असतं आणि अकरा जण तेच घालतात. वीस मापांची वीस कवचं आणि बूट एका क्लबने घेतले तर दोनशे पोरं वर्षभर वापरतील. घामाचा वास येईल, येऊ दे.

गाडीबद्दलही हेच. तमिळनाडूत टीव्हीएस वर्षानुवर्षं एकाच मॉडेलच्या गाड्यांची स्पर्धा भरवते, गाड्या कंपनीच्या, निवड वेळेवर. पोराने यायचं, घड्याळ हरवायचं आणि बसायचं. हीरोने २०२२ मध्ये डर्ट बाइकिंग चॅलेंज नावाने हौशी पोरांसाठी शहरोशहरी चाचण्या घेतल्या, तो मार्गही बरोबर होता. आणि चाकणची केटीएम? तिच्या आरसी कपसाठी देशभरातून पोरं निवडली गेली आणि अंतिम शर्यत झाली चेन्नईला. चाकणला बनलेली गाडी स्वतःच्या जिल्ह्यात शर्यत लावू शकत नाही, कारण लावायला जागाच नाही.

हा जागेचा मुद्दा मला सगळ्यात जास्त टोचतो. चेन्नईकडे मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब १९५३ पासून आहे. आधी शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर शर्यती व्हायच्या, मग क्लबने इरुंगट्टुकोट्टैला स्वतःचा ट्रॅक उभारला. कोइम्बतूरला २००३ पासून करी मोटर स्पीडवे आहे. कोलारजवळ सी. एस. संतोषने डर्ट पार्क काढला. संतोष म्हणजे २०१५ ला डकार पूर्ण करणारा पहिला भारतीय. दक्षिणेतून सतत रायडर का येतात, तिकडच्या पाण्यात काही आहे का, असं लोक कौतुकाने विचारतात. पाण्यात काही नाही. जमीन आहे. ऐश्वर्या पिस्से बेंगळुरूची, २०१९ ला महिलांचा बाहा विश्वचषक घेऊन आली. हरिथ नोआ केरळचा, २०२४ च्या डकारमध्ये त्याने रॅली-२ गट जिंकला. त्यांच्यात जिद्द होती हे खरंच, पण ती घेऊन सकाळी कुठे जायचं हेही त्यांना ठाऊक होतं.

आपल्याकडे कोल्हापूरजवळ मोहित्यांचा कार्टिंगचा ट्रॅक आहे, वडाळ्याला कार्टिंग आहे, नगरजवळ व्हीआरडीईचे चाचणीचे ट्रॅक आहेत पण ते संरक्षण खात्याचे. लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग शर्यती झाल्या, तिथे सुपरबाइक घेऊन येणारी माणसं वेगळी. जानेवारी २०२४ मध्ये इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिलीच शर्यत बालेवाडीला झाली. मी गेलो होतो. मातीचे ढीग, दिवे, धूर, संगीत, परदेशी रायडर तीन मजली उंच उडत होते आणि माझ्या अंगावर काटा आला. लीगमध्ये पंच्याऐंशी सीसीचा लहान मुलांचा गटही होता, ही मोठीच गोष्ट. पण दुसऱ्या दिवशी ते बघून पेटलेल्या बारा वर्षांच्या पोराने कुठे जायचं होतं? मातीचे ढीग उचलले गेले. लीगला दोष देत नाही, तमाशा उभा करणं हे तिचं काम, ते तिने चोख केलं. तालीम बांधणं दुसऱ्या कोणाचं तरी काम आहे आणि ते करायला कोणी नाही.

बारा वर्षांचं म्हणतोय ते उगाच नाही. आपल्या कायद्यात सोळाव्या वर्षी पन्नास सीसीपर्यंतची गाडी, अठराव्या वर्षी बाकीची. रस्त्यासाठी हे योग्यच आहे. पण मार्क मार्केझ पंधराव्या वर्षी जागतिक स्पर्धेत उतरला होता. आपला पोरगा अठराला परवाना काढतो, बाविसाला नोकरी लागते, चोविसाला स्वतःच्या पैशाने बूट घेतो. मी सव्विसाव्या वर्षी सुरुवात केली. माझी वेळ सांगण्यासारखी का नाही, ते आता कळलं असेल.

लगेच प्रश्न येतो, आणि तो यायलाच हवा: मुलं मरतात त्याचं काय? ऑगस्ट २०२३ मध्ये चेन्नईच्या ट्रॅकवर बेंगळुरूचा तेरा वर्षांचा मुलगा शर्यतीत गेला. मी ती बातमी आईपासून लपवायचा प्रयत्न केला होता, तिने आधीच वाचली होती. तिने माझ्यासमोर ताट ठेवलं आणि काही बोलली नाही, तो आठवडा घरात वाईट गेला. या बातमीवर माझ्याकडे हुशार उत्तर नाही. लहान मुलांना डांबरी ट्रॅकवर कुठल्या वेगापर्यंत सोडायचं, यावर कडक नियम हवेत, असं मला वाटतं. पण माझं भांडण त्याच्या अलीकडच्या पायरीचं आहे. मातीचा चढ, एका वेळी एक गाडी, दुसरा गिअर, तिसरा फार तर. पडला तर मातीत पडतो, आणि मागून येऊन कोणी अंगावर घालत नाही. चढावर वेग आपोआप मरतो, म्हणून तर सुरुवात करायला हिलक्लाइम्ब बरा. आणि दुसऱ्या पारड्यात काय आहे ते विसरू नका. केंद्राच्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये देशातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली, त्यात ७४,८९७ दुचाकीवरची होती. त्यांतल्या फार थोड्यांना कोणी कधी ब्रेक कसा दाबायचा हे शिकवलं असेल. मला ते पुण्याच्या त्या मैदानावर कळलं, सव्विसाव्या वर्षी, आठ वर्षं गाडी चालवून झाल्यावर: पुढचा ब्रेक हा दाबायचा नसतो, पिळायचा असतो. आरटीओने माझ्याकडून फक्त आठचा आकडा काढून घेतला होता.

मुलींबद्दल दोन वाक्यं, कारण हा विषय निघाला की पुरुष फक्त पुरुषांचं बोलतात. धामणकर नाक्यावरून ॲक्टिव्हावर दोन भावंडं आणि गॅसचं सिलिंडर घेऊन जाणाऱ्या मुली मी बघतो. नवी मुंबईत भर पावसात चिखलातून स्कूटर रॅली व्हायची, त्यात घरच्या स्कूटर घेऊन बायका उतरायच्या. स्कूटरचा एक वर्ग ठेवा, एवढंच लागतं. रॅम्पवर गुलाबी हेल्मेट घालून फोटो काढायची मोहीम नको.

रेसिंगच्या जुन्या मंडळींना मात्र हे पटत नाही, असा माझा अनुभव. "स्प्लेंडरचा वर्ग? पोरखेळ होईल." एका आयोजकाने मला तोंडावर सांगितलं की अशाने खेळाचा दर्जा घसरतो. कसला दर्जा? चाळीस-पन्नास जण आळीपाळीने एकमेकांना हरवतात आणि एकमेकांना ट्रॉफ्या देतात, त्याला दर्जा म्हणायचं? सूचनापत्रं फक्त इंग्रजीत, तेही स्पर्धेच्या दहा दिवस आधी. फॉर्ममध्ये 'टीमचं नाव' अनिवार्य. माझ्याबरोबर आलेल्या गॅरेजमधल्या पोराला गाड्यांच्या तपासणीच्या रांगेत विचारलं गेलं, "मेकॅनिक आहेस का? मग तिकडे थांब." तो रायडर म्हणून नाव नोंदवायला आला होता. तो पुन्हा आला नाही. आता त्याच्या शिस्तीबद्दल बोलायचं असेल तर बोला.

टेनिस बॉलने गल्लीत खेळून क्रिकेटचा दर्जा घसरला नाही. आखाड्यात लंगोट लावून आलेल्या दहा वर्षांच्या पोरामुळे कुस्तीचा दर्जा घसरला नाही. आणि घाटात दोन गरीब मालक आपापला एकेक बैल जोडून गाडा पळवतात, त्याने बैलगाड्याचाही घसरला नाही. मोटारसायकलचाच दर्जा एवढा नाजूक कसा?

सरकारने मोठं काही करावं अशी माझी अपेक्षा नाही. चेन्नईत २०२४ ला तमिळनाडू सरकारने शहराच्या रस्त्यांवर रात्रीची फॉर्म्युला फोर भरवली, कौतुक आहे, पण आपल्याकडे ते नको. तो पैसा दिव्यांवर जाईल. मला हवंय ते भिकारडं आहे: जिल्ह्यात एक चढ, दोनशे मीटरचा मातीचा, जिथे महिन्यातून एक रविवार रीतसर परवानगी आहे, रुग्णवाहिका उभी आहे, भाड्याचं कवच मिळतं, घड्याळ आहे आणि शंभर सीसीचा वर्ग पहिला सुटतो. बैलगाड्यांचे घाट वर्षातले बरेचसे दिवस रिकामे असतात. कुठल्या गावाने एक रविवार दिला तर माईकवरचा माणूससुद्धा तोच चालेल, त्याच्यापेक्षा चांगला समालोचक आपल्याला मिळणार नाही.

आम्ही प्रयत्न केला. गेल्या पावसाळ्यानंतर आम्ही सात जणांनी भिवंडीबाहेर एका गोदामवाल्याची मागची पडीक जमीन बघितली. मुरमाचा चढ, साधारण दीडशे मीटर, वर सपाटी, थांबायला जागा. मालक आगरी, घरी बैलांची जोडी, शर्यतीचा शौकीन. त्याने चढ बघितला, आमच्या गाड्या बघितल्या आणि म्हणाला, "रविवारी करा. भाडं नको. फक्त इन्शुरन्सचा कागद आणा, काय झालं तर पोलीस माझ्या दारात येतील." त्याचं बरोबर होतं. मी माझ्या गाडीची पॉलिसी उघडली. वापराच्या मर्यादा या मथळ्याखाली स्पष्ट लिहिलं आहे: संघटित शर्यत, वेगाची चाचणी, विश्वासार्हतेची चाचणी यांना संरक्षण नाही. सगळ्या पॉलिस्यांत तेच वाक्य. मग कार्यक्रमाचा वेगळा विमा काढायला गेलो. पहिल्या एजंटने मान्यताप्राप्त क्लबचं पत्र मागितलं. क्लब नोंदवायचा तर स्पर्धा भरवल्याचा अनुभव विचारला गेला. पोलीस ठाण्यात गेलो तर साहेब चांगले होते, त्यांनी बसवलं, चहा दिला आणि विचारलं, "बैलांची असती तर मला फॉर्म माहीत आहे. ही कशाखाली घेऊ?"

आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये सध्या एकतीस नावं आहेत, त्यात चार मुली आणि चाचाची तिन्ही पोरं. जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज दिला आहे, बैलगाड्याच्याच अर्जाचा नमुना घेऊन, जिथे 'बैलांची संख्या' होतं तिथे 'दुचाकींची संख्या' करून. पशुवैद्यकीय प्रमाणपत्राच्या रकान्यात काय लिहायचं यावर ग्रुपमध्ये दोन दिवस चर्चा झाली. शेवटी चाचाने इंजिनं तपासून प्रत्येक गाडीच्या नावाने चिठ्ठी लिहून दिली आणि खाली गॅरेजचा शिक्का मारला.